इशाऱ्याचा पत्ता आणि चुकीचा पत्ता : पायथन ३.१२ वर जाताना निघालेल्या चार इशाऱ्यांचे प्रकरण

डेटाबेसमधील नोंदी वाचून रोज रात्री अहवाल तयार करणारा एक प्रोग्रॅम आमच्या चौघांच्या गटाकडे होता. तो पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या ३.११ या आवृत्तीवर बिनबोभाट चालत होता. ३.१२ वर जाण्याचे ठरल्यावर आम्ही सर्व चाचण्या नव्या आवृत्तीवर चालवल्या, त्या सर्व उत्तीर्ण झाल्या आणि नवा कंटेनर (प्रोग्रॅम आणि त्याला लागणारे सर्व काही एकत्र बांधलेला गठ्ठा) प्रॉडक्शनवर, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या यंत्रणेवर, गेला. पहिल्याच रात्री काम वेळेत संपले, अहवालही बरोबर निघाले; परंतु कामांचे वेळापत्रक सांभाळणाऱ्या यंत्रणेने त्यापुढे ‘अयशस्वी’ असा शेरा मारून ठेवला होता. प्रोग्रॅम सुरू करणारी आमची जुनी शेल स्क्रिप्ट एरर स्ट्रीमवर, म्हणजे चुका आणि इशारे छापण्याच्या वाटेवर, एक जरी ओळ आली तरी काम फसले असे धरत असे, आणि त्या रात्री नेमकी एक ओळ आली होती. मजकुराचे तुकडे पाडणाऱ्या एका बाहेरच्या पॅकेजमधील (इतरांनी लिहिलेल्या तयार कोडमधील) फाइलचे नाव, ओळीचा क्रमांक आणि ‘सिंटॅक्सवॉर्निंग : इनव्हॅलिड एस्केप सीक्वेन्स’ एवढाच तिचा मजकूर होता.

स्क्रिप्टने एरर स्ट्रीमऐवजी प्रोग्रॅमचा एक्झिट कोड (संपताना तो देतो तो यशापयशाचा आकडा) पाहावा, ही सूचना लगेच पुढे आली. ती योग्यच होती आणि नंतर आम्ही ती अमलातही आणली. मात्र त्या दिवशीच ती अमलात आणली असती तर पुढचे काहीच कळले नसते. तूर्त एका साध्या प्रश्नाचे उत्तर हवे होते. चाचण्यांत आणि चौघांच्याही संगणकांवर ही ओळ एकदाही दिसली नव्हती, मग ती प्रॉडक्शनवर कुठून आली?

या प्रश्नात पहिला दिवस जवळजवळ पूर्ण गेला. पॅकेजची आवृत्ती सगळीकडे तीच होती, पायथनही तोच होता. उत्तर निघाले ते इशारा केव्हा दिला जातो यात. साध्या स्ट्रिंगमध्ये उलट्या तिरक्या रेघेपुढे पायथनला अर्थ न कळणारे अक्षर आले, तर ही तक्रार होते. रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरातील नमुने शोधण्याचे सूत्र) लिहिताना, रेघ जशीच्या तशी ठेवणाऱ्या ‘रॉ’ स्ट्रिंगचे आर अक्षर विसरले की हे हमखास घडते. ही तक्रार ओळ चालताना होत नाही, फाइल कंपाइल होताना, म्हणजे तिचे बाइटकोड या पायथनच्या अंतर्गत रूपात भाषांतर होताना, होते. एकदा कंपाइल झालेला बाइटकोड पायकॅश फोल्डरमध्ये साठवला की पुढच्या वेळी फाइल पुन्हा कंपाइल होत नाही, आणि इशाराही पुन्हा येत नाही. त्यातही पिप हे साधन पॅकेज बसवतानाच त्याच्या फायली कंपाइल करून ठेवते आणि त्या वेळचे इशारे गिळून टाकते. त्यामुळे आमच्या संगणकांवर हा इशारा दिला गेला तो कोणाच्याही नजरेस न पडता. कंटेनर तयार करताना मात्र आकार कमी राहावा म्हणून पिपला कंपाइल न करण्याचा पर्याय दिलेला होता, शिवाय बाइटकोड डिस्कवर लिहू नये असे सांगणारे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलही लावलेले होते. म्हणजे तिथे ती फाइल दर रात्री नव्याने कंपाइल होत होती आणि दर रात्री तक्रार करणार होती.

मग ३.११ वर ती का करत नव्हती? करत होती. पायथन ३.६ पासून, म्हणजे २०१६ पासून, ही चूक डेप्रिकेशनवॉर्निंग (कालबाह्य गोष्टींविषयीचा इशारा) या वर्गात नोंदली जात होती, आणि तो वर्ग नेहमीच्या मांडणीत दाखवला जात नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या ३.१२ ने तिला सिंटॅक्सवॉर्निंग या वर्गात बढती दिली, आणि हा वर्ग दाखवला जातो. पॅकेजच्या नव्या आवृत्तीत स्ट्रिंगच्या सुरुवातीला आर लावून ही चूक दुरुस्त झालेली होती. आम्ही ती आवृत्ती घेतली आणि ओळ गेली. इतर पॅकेजांतही असेच काही दडले आहे का, हे पाहण्यासाठी कंपाइलऑल हे पायथनसोबत येणारे मॉड्यूल ‘सक्तीने पुन्हा कंपाइल कर’ या पर्यायासह बसवलेली पॅकेजेस जिथे राहतात त्या सबंध साइट-पॅकेजेस फोल्डरवर चालवले. या जातीच्या इशाऱ्यांसाठी याहून सोपा मार्ग मला माहीत नाही, कारण त्यात प्रोग्रॅम चालवावाच लागत नाही.

खरी अस्वस्थता नंतर सुरू झाली. हा एक इशारा केवळ वर्ग बदलला म्हणून बाहेर आला. वर्ग न बदललेले किती आत असतील?

पायथन ३.७ पासूनचा नियम असा आहे की डेप्रिकेशनवॉर्निंग फक्त थेट चालवलेल्या मुख्य फाइलमधील कोडमुळे उठली तरच दाखवावी. आयात केलेल्या मॉड्यूलमधून उठली तर गप्प बसावे. प्रोग्रॅम वापरणाऱ्याला पॅकेजकर्त्याच्या घरातील कुरबुरी कशाला ऐकवायच्या, हा त्यामागचा विचार रास्त आहे. चाचण्यांच्या वेळी ऐकणारे प्रोग्रॅम लिहिणारेच असतात, म्हणून चाचण्या चालवणारे पायटेस्ट हे साधन हा नियम बाजूला सारून सगळे इशारे शेवटी एकत्र छापते. आमच्या पायटेस्टने ते कधीच छापले नव्हते. त्याच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये डेप्रिकेशनवॉर्निंगचा सबंध वर्ग दुर्लक्षित करणारी एक ओळ होती. ती कोणी, कधी आणि का घातली ते कोडमधील बदलांच्या इतिहासात सापडले. कारण म्हणून फक्त ‘गोंगाट कमी केला’ असे लिहिलेले होते. लिहिणारा मीच होतो.

ती ओळ काढल्यावर चाचण्यांच्या शेवटी पानेच्या पाने भरली, परंतु तीच तीच फाइल आणि ओळ एकत्र केल्यावर उगमस्थाने केवळ तीन उरली. एक तारखा-वेळा हाताळणाऱ्या डेटयूटिल या पॅकेजमधील होते, दुसरे डेटाबेसशी बोलणाऱ्या एसक्यूएलअल्केमीमधील, आणि तिसरे पॅकेजेस बांधण्याच्या सेटअपटूल्ससोबत तेव्हा येणाऱ्या पीकेजी-रिसोर्सेस या मॉड्यूलविषयीचे. आमच्या स्वतःच्या कोडमधील एकही नव्हते, याचे आम्हाला थोडे समाधान वाटले. ते फार टिकले नाही.

डेटयूटिलचे प्रकरण सर्वांत सरळ दिसत होते. त्याच्या टाइमझोन सांभाळणाऱ्या मॉड्यूलच्या ३७ व्या ओळीत यूटीसीफ्रॉमटाइमस्टँप हे (यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, देणारे) फंक्शन शून्य देऊन बोलावलेले होते, आणि पायथन ३.१२ ने ते व यूटीसीनाऊ ही दोन्ही फंक्शने कालबाह्य ठरवली होती. २०२४ मध्ये आलेल्या डेटयूटिल २.९.० मध्ये ती ओळ बदललेली आहे, हे लगेच कळले. आम्ही मात्र अजून २.८.२ वर होतो. हे पॅकेज आमच्या यादीत थेट नव्हतेच, म्हणून कोणामुळे येते ते शोधू लागलो. इशाऱ्यांना एररमध्ये बदलणारा ‘डब्ल्यू’ हा पर्याय देऊन प्रोग्रॅम चालवला आणि ट्रेसबॅक (एररपर्यंत कोणी कोणाला बोलावले याची यादी) पाहिला, तर आयातीच्या साखळीच्या टोकाशी पँडाज हे पॅकेज उभे होते. एका सहकाऱ्याने पँडाज अद्ययावत करण्याची नोंदही करून टाकली. दुसऱ्याने तेच चाचण्यांच्या एका वेगळ्या फाइलपासून करून पाहिले, तर टोकाशी बोटोकोर हे दुसरेच पॅकेज निघाले.

दोघांचेही निरीक्षण खरे होते आणि दोघांचाही निष्कर्ष चुकीचा होता. ती ओळ मॉड्यूल पहिल्यांदा आयात होताना एकदाच चालते, म्हणून ट्रेसबॅकमध्ये फक्त पहिला आयात करणारा दिसतो. चाचण्यांचा क्रम बदलला की आरोपीही बदलतो. पॅकेजचे खरे पालक पाहायचे तर अवलंबनांची, म्हणजे कोणत्या पॅकेजला कोणते लागते याची, झाडावळ उलटी वाचावी लागते, आणि पिपडेपट्री हे साधन ‘रिव्हर्स’ पर्याय दिल्यावर ती तशी छापून देते. त्या यादीत पँडाज आणि बोटोकोर होतेच, पण दोघांनाही २.९.० चालत होते. तिसरे नाव आमच्याच संस्थेतील दुसऱ्या गटाने लिहिलेल्या एका छोट्या लायब्ररीचे होते, आणि तिच्यात डेटयूटिलची आवृत्ती बरोबर २.८.२ अशी खिळवून ठेवलेली होती. पिप २०.३ पासून परस्परविरोधी अटी असतील तर बसवण्यासच नकार देतो, त्यामुळे लॉक फाइल (पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) नव्याने काढतानाही प्रत्येक वेळी जुनीच आवृत्ती निवडली जात होती. खिळा का मारला होता ते त्या गटातील कोणालाच आठवत नव्हते. त्यांनी ‘२.८.२ किंवा पुढची, पण ३ च्या आतली’ अशी अट केली, त्यांच्या चाचण्या उत्तीर्ण झाल्या आणि आमचा इशारा गेला.

एसक्यूएलअल्केमीने आम्हाला सर्वांत जास्त फिरवले. इशारा सांगत होता की स्कीमा या फाइलच्या अमुक ओळीवर यूटीसीनाऊ हे कालबाह्य फंक्शन बोलावले गेले आहे. पॅकेजची फाइल, पॅकेजची ओळ. आम्ही पॅकेजची नवी आवृत्ती घेतली, तर इशारा तसाच राहिला, फक्त ओळीचा क्रमांक बदलला. तेव्हा ती ओळ प्रत्यक्ष उघडून वाचली, आणि हे मी आधी केले असते तर अर्धा दिवस वाचला असता, कारण त्या ओळीत यूटीसीनाऊ हा शब्दच नव्हता. सबंध फाइलमध्ये नव्हता. तिथे होते ते केवळ बाहेरून मिळालेले एक फंक्शन बोलावणारे लॅम्डा, म्हणजे छोटेसे बिननावाचे फंक्शन.

एसक्यूएलअल्केमीमध्ये रकान्याचे मूळ (डिफॉल्ट) मूल्य म्हणून एखादे फंक्शन देता येते, आणि नवी ओळ डेटाबेसमध्ये घालताना ते बोलावले जाते. या फंक्शनने संदर्भ म्हणून एक आर्ग्युमेंट घ्यावे अशी पॅकेजची अपेक्षा असते. आपण दिलेले फंक्शन काहीच घेत नसेल, तर पॅकेज त्याला एका लॅम्डात गुंडाळते. तेच हे लॅम्डा. यूटीसीनाऊ हे सीमध्ये लिहिलेले फंक्शन आहे, त्याची स्वतःची पायथन फ्रेम (चालू असलेल्या फंक्शनची पायथनने ठेवलेली नोंद) नसते. म्हणून ‘मला कोणी बोलावले’ याचे उत्तर देताना इशारा सर्वांत जवळच्या पायथन फ्रेमकडे, म्हणजे त्या लॅम्डाकडे बोट दाखवतो. चूक फंक्शन हवाली करणाऱ्याची होती, आणि इशाऱ्यात नाव आले ते दिलेले काम इमानेइतबारे करणाऱ्याचे.

इथे एररमध्ये बदलण्याची युक्तीही अपुरी पडली. ट्रेसबॅकच्या तळाशी लॅम्डा होते, त्यावर पॅकेजच्या काही फ्रेम होत्या, आणि त्याही वर नोंदी साठवणारे आमचे फंक्शन होते. पण रकाना जिथे घोषित झाला ती मॉडेलची फाइल कुठेच नव्हती. असणारही नव्हती. घोषणा प्रोग्रॅम सुरू होताना केव्हाच चालून गेली होती आणि तिच्यामागे फक्त एक फंक्शनचा ऑब्जेक्ट उरला होता. ट्रेसबॅक हा सध्या कोण कोणाला बोलावत आहे याचा हिशेब आहे. कोणी कधीकाळी कोणाच्या हातात काय ठेवले, ते त्यात लिहिलेले नसते. शेवटी डीबगरने (प्रोग्रॅम मध्येच थांबवून आत पाहू देणाऱ्या साधनाने) प्रोग्रॅम त्या लॅम्डावर थांबवून आतले फंक्शन पाहिले, तेव्हा ते डेटटाइम वर्गाचे यूटीसीनाऊ आहे हे दिसले. आता ते कोणी दिले एवढेच शोधायचे राहिले, आणि ते देऊ शकणारे फक्त आम्हीच होतो.

वास्तविक ३.१२ च्या तयारीत आम्ही आमच्या कोडमधून यूटीसीनाऊ शोधून शोधून काढले होते. परंतु शोधताना नावापुढे कंसही टाइप केला होता, कारण फंक्शन बोलावले जाते तिथे कंस असतो. मूळ मूल्य म्हणून फंक्शन देताना ते बोलावले जात नाही, नुसते नाव लिहिले जाते, आणि कंस नसलेली अशी नावे आमच्या मॉडेलांमध्ये सात ठिकाणी बसलेली होती.

या टप्प्यावर एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. इशाऱ्यांचा पूर आला त्या दिवशी आमच्यात असा प्रस्ताव झाला होता की बाहेरच्या पॅकेजांचे इशारे मॉड्यूलच्या नावाने गाळावेत आणि स्वतःच्या कोडमधील तेवढे पाहावेत. ऐकायला तो अगदी शहाणपणाचा होता. तो स्वीकारला असता तर एसक्यूएलअल्केमीच्या नावाखाली आमचीच चूक गाळली गेली असती, आणि पुढे कधी पायथनने यूटीसीनाऊ खरोखर काढून टाकल्यावर मॉडेलांच्या फायली आयातच झाल्या नसत्या.

दुरुस्ती एका ओळीची वाटली, ती तशी नव्हती. पायथनची शिफारस आहे की यूटीसीनाऊऐवजी नाऊ हे फंक्शन यूटीसी टाइमझोन देऊन बोलवावे. फरक असा की यूटीसीनाऊ टाइमझोनची माहिती नसलेली वेळ देते आणि नाऊ त्या माहितीसह देते. अशा दोन वेळांमध्ये लहानमोठेपणा ठरवायला गेले की पायथन टाइपएरर देतो. आमच्या रकान्यांत टाइमझोन नव्हता आणि जुन्या नोंदी सगळ्या तशाच होत्या, त्यामुळे सरळ बदल करताच ‘गेल्या चोवीस तासांतील नोंदी’ काढणाऱ्या तीन चाचण्या कोसळल्या. त्या कोसळल्या हे नशीब. डेप्रिकेशनचे कारणही इथेच आहे: टाइमझोन नसलेल्या वेळेला टाइमस्टँप विचारला तर पायथन तिला संगणकाची स्थानिक वेळ समजतो, आणि यूटीसी म्हणून घेतलेली वेळ बिनआवाज तासांनी सरकते.

रकान्यांमध्ये टाइमझोन आणणे हे डेटाबेसच्या स्थलांतराचे काम होते आणि ते आवृत्तीच्या बदलात मिसळू नये असे आम्ही ठरवले. म्हणून एक लहान फंक्शन लिहिले, जे यूटीसी टाइमझोनसह वेळ घेते आणि मग टाइमझोन उघडपणे काढून टाकते, आणि मॉडेलांमधील सातही ठिकाणी ते दिले. वागणूक जुनीच राहिली, इशारा गेला, आणि पुढे स्थलांतर करताना बदलायची जागा एकच उरली. हे अर्धे काम आहे असे कोणी म्हटले तर मी नाही म्हणणार नाही. परंतु दोन बदल एकाच दिवशी करून नंतर कोणता बिघडला ते शोधण्यापेक्षा मला ते पत्करले.

तिसऱ्या इशाऱ्यात पत्ता बरोबर होता. पीकेजी-रिसोर्सेसचा इशारा आयात करणाऱ्या फाइलकडे बोट दाखवेल अशा स्टॅकलेव्हलसह (बोलावणाऱ्यांच्या साखळीत किती पायऱ्या मागे बोट दाखवायचे तो आकडा) लिहिलेला होता, त्यामुळे अहवालांचे साचे भरणारे कोणते पॅकेज ते वापरते हे लगेच दिसले. गोंधळ झाडावळीत होता. सेटअपटूल्स आमच्या यादीत थेट लिहिलेले होते, का ते कोणाला ठाऊक नव्हते, आणि उलट्या झाडावळीत ते कोणालाच हवे असल्याचे दिसत नव्हते. तेव्हा ते काढून पाहिले. प्रोग्रॅम सुरू होताच मॉड्यूल सापडत नसल्याची एरर देऊन साच्यांचे पॅकेज बंद पडले. त्या पॅकेजने सेटअपटूल्स वापरले होते, पण आपल्या अवलंबनांच्या यादीत लिहिलेच नव्हते. ३.११ पर्यंत नव्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (एका प्रोग्रॅमपुरत्या पॅकेजांच्या वेगळ्या जागेत) सेटअपटूल्स आपोआप येत असे, म्हणून ही उधारी कधी उघड झाली नाही, ३.१२ ने ते देणे बंद केले, आणि आमच्यापैकी कोणीतरी तयारीच्या धावपळीत ते हाताने यादीत घालून पुढे गेले. झाडावळ दाखवणारी साधने पॅकेजने जाहीर केलेलेच वाचतात. जे जाहीर केलेले नाही ते शोधायचे असेल तर संशयित पॅकेज काढून काय मोडते ते पाहणे, हा ओबडधोबड मार्गच सर्वांत भरवशाचा ठरला.

साच्यांचे पॅकेज पीकेजी-रिसोर्सेसचा उपयोग दोनच गोष्टींसाठी करत होते: स्वतःची आवृत्ती जाणून घेणे आणि सोबत आलेली एक फाइल वाचणे. पहिलीसाठी पायथन ३.८ पासून इम्पोर्टलिब-मेटाडेटा आहे आणि दुसरीसाठी इम्पोर्टलिब-रिसोर्सेस. आम्ही तेवढा बदल करून मूळ पॅकेजकर्त्यांकडे पाठवला. उत्तर येईपर्यंत थांबणे भाग होते, म्हणून हा एकच इशारा आम्ही गाळणीत घातला, आणि गाळणी कशी लिहायची यातही एकदा ठेच लागली. कमांड लाइनवर मॉड्यूलचे नाव दिले तर ते पूर्ण आणि तंतोतंत जुळावे लागते; पॅकेजचे वरचे नाव दिले म्हणजे आतली मॉड्यूले त्यात येत नाहीत. पायटेस्टच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये मात्र तेच नाव रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणून वाचले जाते, आणि अनेक नियम लागू पडत असतील तर शेवटचा जिंकतो. म्हणून सर्व डेप्रिकेशनवॉर्निंगांना एरर ठरवणारी ओळ वर लिहिली आणि अपवाद तिच्याखाली. ही गाळणी वर्गावर अवलंबून असते हेही ध्यानात ठेवावे लागले, कारण सेटअपटूल्सने पुढच्या आवृत्त्यांत हाच इशारा यूजरवॉर्निंग या वर्गात नेला आणि मजकुरात मॉड्यूल काढण्याची संभाव्य तारीखही घातली. तोवर आम्ही सेटअपटूल्सची आवृत्ती ८१ च्या आत ठेवण्याची अट यादीत लिहिली, आणि या वेळी कारणासह.

अपवादाच्या ओळीशेजारी आता पॅकेजचे नाव, त्याची आवृत्ती, पाठवलेल्या बदलाचा क्रमांक आणि फेरतपासणीची तारीख असते. निरुपयोगी झालेली गाळणी पायटेस्ट आपणहून कळवत नाही. म्हणून त्या तारखेला कोणीतरी ती ओळ पुसून सगळ्या चाचण्या चालवतो. पहिल्या तारखेला मी ती पुसली तेव्हा इशारा पुन्हा आला, आणि मी पुढची तारीख लिहून ओळ परत ठेवली.